वर्दी, घाम आणि ऊन

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि सकाळचे साडेनऊ वाजले असतील. घाटाखालच्या एका गावातून दोन तरुण मोटारसायकलवर मध्ये तिसऱ्याला धरून माझ्या दवाखान्यात आले. मधला मुलगा एकोणीस वर्षांचा. मान लटकलेली, डोळे अर्धवट उघडे, तोंडाने असंबद्ध बडबड चाललेली. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा चटका बसला. ताप पाहिला, १०६ अंश फॅरनहाइट. अंगात टी-शर्ट, त्यावर नायलॉनचा ट्रॅकसूट आणि त्यावर चक्क पावसाळ्यातील रेनकोट!

पोलिस आणि सैन्य भरतीची तयारी करणारा हा मुलगा रोज डांबरी रस्त्यावर पळत असे. "घामानं वजन उतरते, स्टॅमिना वाढते" असे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्या दिवशी उठायला उशीर झाला, म्हणून ऊन चढल्यावर पळाला आणि चौथ्या किलोमीटरला कोसळला. आम्ही कपडे कापून काढले, नळीने पाणी मारले, शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणला आणि ताप १०२ वर आल्यावर त्याला अकोल्याला हलविले. पुढे तीन-चार दिवस त्याची लघवी काळपट येत होती. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आला की असे होते. पोरगा वाचला, पण ती भरती हुकली.

त्याचे काका सैन्यातून निवृत्त झालेले. गावात सारे त्यांना फौजीकाका म्हणतात. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सतरा वर्ष पलटनीत काढले. राजस्थानात होतो. पण रेनकोट घालून आमाले कोनी पळवलं नाही. पोराले वर्दीचा शौक, पन वर्दी कायले कशी बनवली हे कोनी सांगत नाही."

फौजीकाकांचे हे वाक्य माझ्या मनात राहिले. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली सैन्यात, केंद्रीय राखीव दलात, पोलिसात जातात आणि त्यांच्या दुपटी-तिपटीने तयारी करतात. म्हणून आजच्या लेखात वर्दी आणि ऊन यांचा संबंध पाहू. ज्यांना वर्दीशी कर्तव्य नाही, अशा शेतकरी, शाळकरी मुले आणि गृहिणी यांनाही यातून घेण्यासारखे बरेच आहे.

शरीराचा कूलर

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर त्वचेचे साधारण ३५ अंश. बाहेरची हवा यापेक्षा थंड असेल तर अंगातील उष्णता आपोआप हवेत जाते. पण मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील भागात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा उलट हवेतूनच अंगात उष्णता शिरू लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावर वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतो. घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळला तर पाणी आणि मीठ गेले, थंडावा मात्र मिळाला नाही.

हे समजण्यासाठी घरातला कूलर पाहा. वाळ्याच्या ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की खोली गार होते. मे महिन्यात तो उत्तम चालतो. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर निकामी होतो. आता समजा, कोणी त्या ताटीवर प्लास्टिकचा कागद बांधला तर? पंप चालू राहील, पाणी वाहत राहील, पण खोली तापतच जाईल. रेनकोट घालून पळणाऱ्या मुलाचे नेमके हेच होते. वजनकाट्यावर अर्धा-एक किलो कमी दिसतो तो चरबीचा नसतो, पाण्याचा असतो. दोन तांबे पाणी प्यायले की तो परत येतो. मध्यंतरी जीव मात्र पणाला लागलेला असतो.

सैन्याने काय शिकून घेतले

उन्हाळ्यात काय घालावे, हे सैन्यालाही सहज समजले नाही. त्यासाठी पुष्कळ माणसे खर्ची पडली. इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानात आल्या तेव्हा अंगात जाड लोकरीचे लाल डगले, गळ्याला ताठ कातडी पट्टा आणि छातीवर आवळलेले पट्टे असा थाट असे. १८५७ च्या मे-जूनमध्ये अशा वेशात लढणारे कितीतरी गोरे सैनिक उन्हाने मेले. पुढे त्यांनी पांढरे सुती कपडे चहा, कॉफी, मातीच्या पाण्यात रंगवून वापरायला घेतले. त्याआधी १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या 'गाइड्स' पथकासाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने मातकट रंगाचा सैल सुती वेश आणला होता. त्यालाच 'खाकी' हे नाव पडले. खाक म्हणजे धूळ, माती. आपल्या पोलिसांच्या अंगावरील खाकीचा जन्म असा उन्हाच्या आणि धुळीच्या मुलखात झाला.

चुकीच्या समजुतीही फार दिवस चालल्या. गोऱ्या सैनिकाच्या पाठीच्या कण्यावर उन्हाचे विषारी किरण पडतात, असे समजून त्यांच्या सदऱ्याला पाठीवर जाड कापडी गादी शिवत. पटकी होऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे प्रकार चालू होते. यावरून एवढेच लक्षात घ्यावे की रूढी सरकारी असली तरी ती शास्त्रीय असतेच असे नाही.

काही गोष्टी मात्र डोक्याने केलेल्या होत्या. त्या काळी एक ढगळ अर्धी विजार असे, तिला 'बॉम्बे ब्लूमर्स' म्हणत. दिवसा ती दुमडून गुडघ्याच्या वर ठेवायची आणि अंधार पडला की दुमड सोडून खाली पायापर्यंत बांधायची. दिवसा वारा लागे आणि रात्री डासांपासून बचाव होई. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३-४५ मध्ये हिवतापाने गोळ्यांपेक्षा जास्त सैनिक आजारी पाडले. तेव्हा संध्याकाळी बाह्या खाली सोडण्याचा नियम कडकपणे पाळला गेला. उन्हाळ्यात दिवसा बाह्या दुमडा, दिवेलागणीला खाली सोडा, हा नियम फौजीकाकांच्या अंगवळणी पडलेला आहे. आजही ते संध्याकाळी ओट्यावर बसतात ते पूर्ण बाह्यांत. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, एवढी भर मात्र आपण त्यात घालावी.

भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी नवा लढाऊ गणवेश दाखविला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तो तयार झाला आहे. त्याचे कापड ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टर असे मिश्र असून ते हलके आणि लवकर वाळणारे आहे. सदरा विजारीत खोचायचा नाही, बाहेर सोडायचा. यामागचे आरोग्यशास्त्र ध्यानात घ्या. कंबर आवळलेली नसली की हालचालीबरोबर खालून हवा आत शिरते आणि गळ्यातून बाहेर पडते. चुलीच्या धुराड्यासारखे हे काम चालते.

बाजारात 'आर्मी प्रिंट'चे टी-शर्ट आणि विजारी मिळतात. भरतीची मुले हौसेने घेतात. त्यातील बहुतेक जाड, गुळगुळीत पॉलिएस्टरचे असतात आणि त्यातून वारा जात नाही. सैनिक असल्याचे भासविण्यासाठी तसा वेश करणे हा तर गुन्हाच आहे. वर्दी मिळवावी, मग घालावी!

रंग, कापड, शिलाई

पांढरा रंग ऊन परतवतो आणि काळा शोषतो हे खरे. पण रंगापेक्षा शिलाईला महत्त्व अधिक आहे. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास करून काही शास्त्रज्ञांनी १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नेगेवच्या वाळवंटात भर दुपारी काळा झगा आणि पांढरा झगा घालून माणसे उभी केली. काळे कापड जास्त तापले, पण आतल्या माणसाला दोन्ही झग्यांत सारखीच उष्णता पोहोचली. झगा ढगळ असल्याने कापड आणि त्वचा यांच्यामध्ये हवा खेळत होती आणि जादा उष्णता ती घेऊन जात होती. काळा आणि अंगाला चिकटलेला कपडा मात्र दुहेरी घातक.

दुसरा गैरसमज असा की उन्हात कमी कपडे घालावेत. दमट हवेत, सावलीत, हे बरोबर आहे. पण आपल्याकडच्या कोरड्या, रखरखीत उन्हात उघडे अंग जास्त तापते आणि घामही जास्त जातो. म्हणून आपला जुना शेतकरी उन्हात उघडा फिरत नसे. ढगळ धोतर, सुती बंडी, डोक्याला मुंडासे किंवा रुमाल, खांद्यावर दुपट्टा हा त्याचा वेश कोणा शास्त्रज्ञाने नव्हे, उन्हानेच ठरविला होता. मुंडाशाच्या थरांमध्ये हवा अडकते आणि ती डोक्यापर्यंत ऊन पोहोचू देत नाही. विहिरीवर तेच भिजवून पिळून बांधले की दोन तास गारवा. आजची मुले टोपी घालतात, तीही नायलॉनची. त्यापेक्षा ओला दुपट्टा बरा.

गणवेशाच्या बाबतीत आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कडक स्टार्च. स्टार्चने कापडाची छिद्रे बुजतात, वारा जात नाही आणि घाम टिपला जात नाही. परेडला रुबाब येतो, पण दिवसभराच्या बंदोबस्ताला तो कपडा नको. दुसरी, कंबरपट्टा. एक बोट सैल असावा. तिसरी, बूट. घामाने भिजलेले नायलॉनचे मोजे बारा तास पायात राहिले की बोटांमध्ये चिखल्या होतात. सुती मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवून दुपारी बदलावा. चौथी, जांघेतील गजकर्ण आणि अंगावरील घामोळे. घामोळ्यांना क्षुल्लक समजू नका. त्यात घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद झालेली असतात. पाठ आणि छाती घामोळ्यांनी भरलेल्या माणसाचा 'कूलर' तेवढा बंद असतो. ती बरी होईपर्यंत त्याने कडक उन्हात कष्ट करू नयेत.

नुसता पारा पाहू नका

"आज तर चाळीससुद्धा नाही, मग ऊन कसे लागेल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील सोहळ्यात १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. पण हवा दमट, डोक्यावर छत नाही आणि तासन् तास बसणे, असे सारे जुळून आले.

अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रात १९५० च्या दशकात अनेक जवानांना उष्माघात होऊ लागला. तेव्हा तेथे एक नवे माप काढण्यात आले. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला अवघे १० टक्के महत्त्व देतात. म्हणजे हवेतील ओलावा सर्वात मोठा शत्रू. हे माप ९० फॅरनहाइट, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या वर गेले की मैदानावर काळा झेंडा लागतो आणि कष्टाची कवायत थांबते. अंगावर चिलखती जाकीट असेल तर ५ अंश फॅरनहाइट जास्त धरतात. दंगलीच्या बंदोबस्तात हेल्मेट, ढाल, जाकीट घेऊन उभ्या असणाऱ्या आपल्या पोलिसांनाही हाच हिशेब लागू आहे.

नियम माणसासाठी

मी स्वतः कॉलेजात असताना एन.सी.सी.चा छात्र होतो. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या संचलनाला कडक स्टार्चच्या खाकीत आम्ही उभे होतो. पाहुण्यांना उशीर झाला. 'सावधान'मध्ये उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सरळ तोंडावर आपटलो. पुढचा दात अर्धा तुटला, तो आजही तसाच आहे. शिक्षक रागावले, "कमजोर आहेस!" त्यात कमजोरीचा संबंध नव्हता. एकाच जागी ताठ उभे राहिले की रक्त पायात साठते आणि उन्हाने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. मेंदूला रक्त कमी पडते. उपाय सोपा आहे. बुटाच्या आत बोटे हलवीत राहावे, पोटऱ्या आवळून सोडाव्यात, गुडघे मागे ताठ कुलूपबंद करू नयेत आणि परेडच्या आधी दोन पेले पाणी प्यावे.

३१ मे २०२४ रोजी, लोकसभा मतदानाच्या शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी, उत्तर प्रदेशात मिर्झापूर येथे निवडणूक कामावरील कर्मचारी उष्णतेने दगावले. त्यात होमगार्ड जवानही होते. आपल्याकडेही यात्रा, सभा, निवडणुका उन्हाळ्यात येतात आणि होमगार्ड, पोलिस, शिपाई दिवसभर चौकात उभे असतात. त्यातील कित्येक पन्नाशीचे असतात, कोणाला रक्तदाब, कोणाला मधुमेह. त्यांना दर तासाला दहा मिनिटे सावली आणि पाणी देणे ही मेहेरबानी नसून गरज आहे.

नियम बदलता येतात, याचे एक उदाहरण न्यायालयातच आहे. काळा कोट हा वकिलांचा गणवेश. परंतु सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच लिहिले आहे. मग मार्च-एप्रिलमध्ये शाळेतील मुलांना गळ्याला टाय, पायात बंद बूट, नायलॉनचे मोजे कशाला? पालक सभेत हा प्रश्न जरूर विचारा.

भरतीच्या मुला-मुलींसाठी

पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. त्यासाठी भर उन्हात दहा किलोमीटर पळण्याची आवश्यकता नाही. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावेत दहाहून अधिक उमेदवार दगावले. प्रत्येकाचे कारण एकच नव्हते, पण उन्हातील अतिश्रम हे त्यापासून घ्यायचे धडे आहेत.

शरीराला उन्हाची सवय होते, पण तिला ७ ते १४ दिवस लागतात. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे, मग रोज थोडे वाढवीत जावे. सवय झालेल्या माणसाला घाम लवकर येतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आठ-दहा दिवस आजारपणात गेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. बुलडाण्याच्या थंड हवेत तयारी करून भरतीसाठी अकोला, नागपूरला जाणाऱ्यांनी शक्य तर आठवडाभर आधी तेथे जावे.

सकाळी साडेसहाच्या आत पळणे संपवावे. सुती किंवा जाळीदार हलका सैल कपडा घालावा. रेनकोट, प्लास्टिक, पोटाला गुंडाळायचे रबरी पट्टे कटाक्षाने टाळावेत. ताप, जुलाब, अपुरी झोप किंवा आदल्या रात्री दारू झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी. सर्दीच्या काही गोळ्यांनीही घाम कमी येतो. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, मात्र तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, कारण नुसते पाणी अति झाले तर रक्तातील मीठ पातळ होते. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-साखर-मीठ उत्तम. खिशातला कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

कोसळला तर

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना. तेथेच थांबावे, सावलीत यावे, पट्टा-बूट सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. पण माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, ओळखेनासा झाला, की तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. पळणाऱ्या तरुणाला उष्माघातातही भरपूर घाम असू शकतो.

अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन लावा आणि लगेच कामाला लागा. कपडे काढा. शेतात असाल तर जनावरांच्या पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवा आणि डोके एकाने सतत धरून ठेवा. हौद नसेल तर अंगावर बादल्यांनी पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा येथे फडक्यात बांधून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस बहुधा वाचतो. मोटारसायकलवर मध्ये बसवून वीस किलोमीटर आणण्यात तोच अर्धा तास जातो. माझ्याकडे आलेल्या मुलाला त्याच्या मित्रांनी वाटेतल्या एखाद्या विहिरीवर भिजविले असते तर त्याची मूत्रपिंडे इतकी शिणली नसती. त्यांना कोणी सांगितले नव्हते, हा त्यांचा दोष नाही.

तो मुलगा आता पुन्हा तयारी करतो आहे. सहा महिने मी त्याला पळू दिले नाही आणि रक्ताच्या तपासण्या नीट आल्यावर परवानगी दिली. परवा फौजीकाका दवाखान्यावरून जाताना थांबले. म्हणाले, "आता मीच घेऊन जातो त्याले, पहाटं पाच वाजता. बनियनवर पळते. तो रेनकोट मी बैलाच्या कडब्यावर झाकला."

रेनकोटचा याहून चांगला उपयोग उन्हाळ्यात मला तरी दिसत नाही.